सीमाशुल्क संघात गेल्यावर निर्यात वाढते का? कॉफी, साखर, मीठ आणि आपला बेदाणा

सांगलीतच अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या शेजारच्या मुलीने विचारलं आहे: "काका, दुसऱ्या देशाच्या ताब्यातला एखादा अंकित प्रदेश सीमाशुल्क संघात सामील झाला, तर त्याच्या निर्यातीचं काय होतं? सरांनी सांगितलं की आतली ड्यूटी जाते, म्हणून निर्यात वाढते. पण स्वाध्यायात 'चर्चा करा' असं आलंय. मग दुसरी बाजू काय?"

सरांचं बरोबर आहे, फक्त ते अर्ध्या वाटेत थांबले. मी काही प्राध्यापक नाही. तीस वर्षं मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची निर्यातीची कागदपत्रं केली, शिपिंग बिलं भरली, न्हावा शेव्याला माल अडकला की रात्री-अपरात्री फोन घेतले. त्यामुळे माझं उत्तर जरा यार्डातल्या वासाचं असेल.

आधी एक फरक डोक्यात पक्का बसव. मुक्त व्यापार करारात दोन देश एकमेकांच्या मालावरची ड्यूटी काढतात, पण बाहेरच्यांसाठी प्रत्येकाची ड्यूटी आपापली राहते. सीमाशुल्क संघात आतली ड्यूटी तर जातेच, शिवाय बाहेरच्यांसाठी सगळ्यांची ड्यूटी एकच होते. म्हणजे घराच्या मधल्या भिंती पाडल्या आणि वाड्याला एकच कुसू घातलं. तासगावच्या बाजारात एक तक्रार तू ऐकली असशील: परदेशी बेदाण्यावर आपल्याकडे भरभक्कम आयात शुल्क आहे, अफगाणिस्तानच्या मालाला मात्र सार्क देशांच्या करारामुळे सूट मिळते, मग तिसऱ्याच देशाचा बेदाणा अफगाणी म्हणून आत येतो. ही भानगड मुक्त व्यापार कराराची. म्हणून तिथं ओरिजिन सर्टिफिकेट, म्हणजे माल मूळ कुठल्या देशाचा याचा दाखला, लागतं. ते भरताना मी स्वतः एकदा मालाच्या कोडमधला एक आकडा चुकवला होता आणि व्यापाऱ्याला अकरा दिवसांचं डेमरेज, म्हणजे माल बंदरात अडकल्याचा दंड, पडलं. त्याने मला काही बोलून दाखवलं नाही, पण पुढच्या हंगामात कामही दिलं नाही. सीमाशुल्क संघात हा कागदच लागत नाही, कारण कुसवाच्या दाराशी एकदा ड्यूटी भरली की माल आत कुठंही फिरायला मोकळा. छोट्या निर्यातदाराला हा फायदा ड्यूटी माफ होण्याइतकाच मोठा असतो. आपल्या महापालिकेच्या जकात नाक्यावर ट्रकांची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता मुद्द्याकडे. मधली भिंत पडली एवढ्याने तुझा माल खपत नाही. तुझ्या मालाशी टक्कर देणारा बाहेरचा माल कुसवाबाहेर अडतो की नाही, यावर सगळं ठरतं. आणि तुझं जुनं गिऱ्हाईक कुसवाच्या कुठल्या बाजूला राहिलं, यावर.

याचं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे पोर्तो रिको. १८९८ साली कॅरिबियन समुद्रातलं हे बेट स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं. १९०० च्या फोरेकर कायद्याने आधी अमेरिकन ड्यूटीच्या १५ टक्के एवढी ड्यूटी बेट आणि अमेरिका यांच्यात ठेवली, आणि २५ जुलै १९०१ पासून तीही गेली. बेट पूर्णपणे अमेरिकेच्या शुल्क-कुसवात आलं. त्या वेळी बेटाची मुख्य निर्यात कॉफी होती, निर्यातीच्या किमतीत अर्ध्याहून अधिक. ती जायची स्पेनला, क्यूबाला आणि युरोपातल्या इतर देशांत. स्पॅनिश साम्राज्यात असताना स्पेन आणि क्यूबा या घरच्या बाजारपेठा होत्या. साम्राज्य बदललं आणि ही दोन्ही गिऱ्हाइकं एका रात्रीत परकी झाली, त्यांच्या दारात ड्यूटी उभी राहिली. बरं, त्या बदल्यात अमेरिकेचा एवढा मोठा बाजार मिळाला ना? मिळाला, पण अमेरिका कॉफीवर ड्यूटी घेतच नव्हती. कुणाचीच. ब्राझीलची कॉफीही शून्य ड्यूटीने यायची आणि पोर्तो रिकोचीही. म्हणजे कॉफीवाल्यांसाठी त्या कुसवाला भिंतच नव्हती. त्यातच ऑगस्ट १८९९ च्या सान सिरियाको चक्रीवादळाने बागा झोपवल्या. कॉफीचं झाड म्हणजे काही ज्वारी नव्हे, नवीन लावलं तर फळाला चार-पाच वर्षं जातात. जुनं गिऱ्हाईक असतं तर लोकांनी कर्ज काढून पुन्हा लावलं असतं. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर कोण कशाला लावतो?

उसाचं नेमकं उलटं झालं. परदेशी कच्च्या साखरेवर अमेरिकेची ड्यूटी होती पौंडाला १.६८५ सेंट. साखरेच्या त्या काळच्या भावात ही रक्कम फार मोठी. पोर्तो रिकोची साखर कुसवाच्या आत आली आणि तेवढा फरक सरळ कारखानदाराच्या खिशात पडू लागला. दहा वर्षांत साखरेची निर्यात कित्येक पटींनी वाढली. अमेरिकन कंपन्या उतरल्या, किनाऱ्यालगतची सपाट जमीन त्यांच्याकडे गेली. एका कंपनीकडे ५०० एकरांहून जास्त जमीन नको असा नियम १९०० सालीच झाला होता, तो अमलात यायला १९४१ उजाडलं. या गोष्टीचं सांगलीकराला नवल वाटू नये.

आता तू जर बेटाच्या एकूण निर्यातीचा आलेख काढलास तर तो वरच जाताना दिसेल आणि सरांचं वाक्य खरं ठरेल. पण त्या आलेखाच्या पोटात डोंगरातला कॉफीवाला बुडाला आणि किनाऱ्यावरचा ऊसवाला तरला. वाळव्याचं भलं आणि जतचं वाटोळं झालं तरी जिल्ह्याची सरासरी वाढलेलीच दिसते, तसं. म्हणून 'निर्यात' हा शब्द एकवचनी धरू नकोस. माल मालागणिक बघ.

या गोष्टीला अजून दोन शेपट्या आहेत. पहिली भाड्याची. बेट कुसवाच्या आत आलं तसा अमेरिकेचा किनारी वाहतुकीचा कायदाही लागू झाला: बेट आणि अमेरिका यांच्यात माल न्यायचा तर अमेरिकन जहाजातूनच. ड्यूटीत वाचलेलं काही अंशी भाड्यात गेलं. निर्यातदाराला हातात काय पडतं हे बघायचं असेल तर ड्यूटीचा तक्ता आणि भाड्याचा तक्ता शेजारी-शेजारी ठेवून बघावे लागतात. दुसरी शेपटी जास्त बोचरी. १९३४ साली साखरेचे भाव पडले तेव्हा वॉशिंग्टनने कोटे ठरवले, त्यात पोर्तो रिकोलाही कोटा लावला. ज्या भिंतीच्या आधारावर अख्ख्या बेटाने ऊस लावला, त्या भिंतीच्या मालकाने सांगितलं की आता इतकीच साखर आण. बेटाचा वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये मत देणारा एकही प्रतिनिधी नव्हता, आजही नाही. (कॉफीवाल्यांना १९३० च्या शुल्क कायद्यात एक सवलत मिळाली: बेटावर येणाऱ्या परदेशी कॉफीवर बेटाने स्वतःची ड्यूटी लावावी. म्हणजे कुसवाच्या आत कॉफीपुरतं एक छोटं कुंपण. तोवर तीस वर्षं गेली होती, आणि त्याने घरचा खप सांभाळला, गेलेली निर्यात काही परत आली नाही.)

अंकित प्रदेशाचा खास मुद्दा तो हाच. स्वतंत्र देश संघात जातो तेव्हा बाहेरच्या ड्यूटीच्या दरावर तो निदान टेबलाशी बसून भांडतो. अंकित प्रदेशाच्या वतीने त्याचा मालक बसतो, आणि मालकाची काळजी मालकाच्या गिरण्यांची असते.

याचं उदाहरण आपल्या उंबऱ्यावरच आहे, ते पाठ्यपुस्तकात का येत नाही कोण जाणे. गोवा. २६ डिसेंबर १८७८ ला ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, १८८० च्या जानेवारीत अमलात आला आणि बारा वर्षांनी, १८९२ च्या जानेवारीत, संपला. त्या बारा वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज गोवा यांचा सीमाशुल्क संघ होता. सरहद्दीवरचे नाके उठले, दोन्हीकडे एकच शुल्क. दोन्ही बाजूंना प्रजा हिंदुस्थानी आणि सही करणारे लंडन-लिस्बनचे, ही गंमत वेगळीच. गोव्याच्या बाजूने अपेक्षा काय होती? नारळ, सुपारी, मीठ, मासळी बिनअडथळा घाटावर जाईल; मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे होईल आणि दक्षिण महाराष्ट्र-कर्नाटकचा कापूस मुंबईऐवजी मुरगावला उतरेल. रेल्वे झाली. तिला वर जोडणारी सदर्न मराठा रेल्वे म्हणजे तीच, जिचा रस्ता पुढं बेळगावहून आपल्या मिरजेवरून पुण्याला गेला. कापूस मात्र मुंबईची पेढी सोडून मुरगावला गेला नाही. बंदर म्हणजे नुसता धक्का नसतो. तिथं विमा लागतो, हुंडी वटवणारा लागतो, जहाजाची नियमित वेळ लागते. आमच्या यार्डातला व्यापारी आजही दोन पैसे जास्त देऊन ओळखीच्या बंदराकडेच माल पाठवतो.

आणि मीठ? गोव्याची मिठागरं ही त्या प्रदेशाची जुनी मिळकत. स्वस्त मीठ घाट चढून ब्रिटिश मुलुखात चोरून जायचं. ब्रिटिशांना या करारात जो रस होता तो मुख्यतः हे बंद करण्यात. मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं, मिठावर ब्रिटिश हिंदुस्थानातलाच कर लागू झाला. तो कर १८८२ साली मणाला २ रुपये होता. स्वस्त असणं हीच ज्या मालाची ताकद, त्याची किंमत कराने शेजाऱ्याएवढी करून टाकली तर तो कुणी का घ्यावा? मधली भिंत पडली, तशी गोव्याच्या मिठाची निर्यातही पडली. पोर्तुगीज सरकारला भरपाई म्हणून सालीना ४ लाख रुपये मिळत होते. ते सरकारला. मिठागरात राबणाऱ्याचा त्यात वाटा किती, हा वेगळा प्रश्न.

मग १८८२ ची दुसरी गोष्ट घडली. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने मीठ, दारू, शस्त्रं असे मोजके अपवाद सोडून जवळजवळ सगळी आयात ड्यूटी काढून टाकली. कारण मँचेस्टरच्या कापड गिरण्यांचा दबाव. म्हणजे बघ: गोवा कुसवाच्या आत आला, आणि दोन वर्षांत कुसवाच्या मालकाने, म्हणजे ब्रिटिशांनी, कुसूच जमीनदोस्त केलं. आत असण्याचा जो काही फायदा परदेशी मालाच्या तुलनेत होता तो उडाला. मीठ आणि दारू ज्यात गोव्याची मिळकत होती, नेमक्या त्याच गोष्टींचे कर राहिले. १८९४ साली ५ टक्क्यांची सर्वसाधारण ड्यूटी पुन्हा आली, तोवर करार संपून गेला होता. गोव्याला यात कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती.

आपल्याकडचंही सांगतो, म्हणजे गोव्याला हसायला नको. सांगली, मिरजेच्या दोन पात्या, जत, औंध ही सगळी संस्थानं घाटावरची, कुणालाच समुद्र नाही. मुंबई बंदरात परदेशी मालावर जी ड्यूटी लागायची ती कापडाच्या, रॉकेलच्या किमतीत मिसळून सांगली संस्थानातल्या गिऱ्हाइकाकडूनही वसूल व्हायची, पण तिजोरी भरायची ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची. संस्थानं न विचारता सीमाशुल्क संघात होतीच म्हण ना, फक्त वाटा नसलेल्या. देशभरच्या संस्थानिकांनी या गोष्टीवर बरीच वर्षं गाऱ्हाणं मांडलं आणि ब्रिटिश सरकारने नेमलेल्या बटलर समितीने १९२९ साली ते दखलपात्र मानलं.

वाटा ठरलेला असला तर? आफ्रिकेत १९१० साली दक्षिण आफ्रिकेचा सीमाशुल्क संघ झाला, तो आजही चालू आहे. बासुटोलँड, बेचुआनालँड, स्वाझीलँड हे तीन ब्रिटिश अंकित प्रदेश त्यात होते. तिघांचा मिळून वाटा १.३१०९७ टक्के. दशांशानंतर पाच आकडे, इतक्या काटेकोरपणे ठरवलेला तुकडा. या तिघांपैकी बेचुआनालँडची, म्हणजे आजच्या बोट्स्वानाची, निर्यात होती गुरं. संघात असल्यामुळे गुरांवर ड्यूटी नव्हतीच. पण १९२४ साली दक्षिण आफ्रिकेने वजनाची अट घातली: बैल ठरावीक वजनाच्या खाली असेल तर सरहद्द ओलांडू देणार नाही. दुष्काळी मुलुखातला बैल तेवढा भरतो का? आटपाडीच्या बाजारात जाऊन विचार. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या पशुपालकांचा भाव सांभाळला गेला, आणि कागदावर ड्यूटी शून्यच राहिली.

हे वाचताना मला २०१० आठवतं. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या ज्या औषधाला बागायतदार सीसीसी म्हणतात त्याचा, अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर अडले. ड्यूटी तीच होती जी आदल्या वर्षी होती. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने त्या वर्षी पोरीचं लग्न पुढं ढकललं. तेव्हापासून कुणी 'शून्य ड्यूटी' म्हटलं की मी आधी रेसिड्यूचा तक्ता मागतो. अंकित प्रदेश संघात जातो तेव्हा मालाची मानकंही बहुतेक वेळा त्याच्यावर येतात. ती पाळता आली तर दार मोठं, नाही तर ड्यूटी माफ होऊन उपयोग नाही.

एक बाजू लोक विसरतात, ती कच्च्या मालाची. आपल्या बेदाण्याचंच घे. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्याला डिपिंग ऑइल लागतं, पोटॅशियम कार्बोनेट लागतं, गंधक लागतं, शेडची जाळी, पॅकिंगचे खोके. समजा हा पट्टा एक वेगळा प्रदेश होता, ही सगळी सामग्री बाहेरून बिनड्यूटीची आणत होता, आणि तो जास्त ड्यूटीच्या संघात गेला. आतल्या बाजारात बेदाणा विकायला मोकळीक मिळाली, पण किलोमागचा खर्च चढला. संघाबाहेरच्या गिऱ्हाइकाला जो माल जात होता तो या चढलेल्या खर्चाने मार खातो. लर्नर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली हे गणिताने मांडलं की आयातीवरचा कर हा शेवटी निर्यातीवरचा करच असतो. यावर उतारा म्हणजे ड्रॉबॅक, निर्यात मालात गेलेल्या सामग्रीची ड्यूटी परत मिळणं. पण गंमत अशी की संघाच्या आत विकलेला माल निर्यात धरला जात नाही, म्हणून त्यावर ड्रॉबॅक मागता येत नाही.

यातूनच आकडेवारीची एक खोच निघते. नाका उठला की नाक्यावरची नोंदही उठते. कालपर्यंत जी 'निर्यात' होती ती उद्यापासून घरची विक्री होते. युरोपीय संघाने १९९३ साली आतल्या सरहद्दीवरची कस्टम्स नोंद बंद केली तेव्हा व्यापाऱ्यांकडून थेट माहिती घेणारी वेगळी पद्धत उभारावी लागली. तेव्हा स्वाध्यायात 'आधी' आणि 'नंतर'चे आकडे शेजारी ठेवताना ते एकाच मापाने मोजलेत ना, हे बघून घे.

बाहेर पडणाऱ्याचं काय होतं हेही लिही, मार्क मिळतील. ग्रीनलँड १९७३ साली डेन्मार्कबरोबर युरोपीय समुदायात ओढलं गेलं, तिथल्या लोकांनी बहुमताने नको म्हटलं असतानाही. १९८२ ला कौल घेऊन १ फेब्रुवारी १९८५ पासून ते बाहेर पडलं. निर्यात म्हणजे मासे आणि कोळंबी, आणि मोठं गिऱ्हाईक युरोपच. बुडायला हवं होतं. पण त्यांनी आपल्या समुद्रात युरोपच्या बोटींना मासेमारीचा हक्क मोबदला घेऊन दिला आणि बदल्यात आपल्या माशांना बिनड्यूटीचं दार उघडं ठेवून घेतलं. संघाबाहेर राहूनही माल आत जातो. हातात समोरच्याला हवी अशी एखादी वस्तू मात्र लागते. गोव्याकडे मीठ होतं, पण वाटाघाटीला गोवा नव्हता.

स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या जिब्राल्टर या ब्रिटिश प्रदेशाबद्दल थोडक्यात, कारण ते ताजं आहे. १९७३ साली ब्रिटनबरोबर आत जाताना जिब्राल्टरला सीमाशुल्क संघाबाहेर ठेवलं होतं. ११ जून २०२५ ला ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात जी राजकीय सहमती झाली तिच्यात जिब्राल्टर आणि युरोपीय संघ यांचा सीमाशुल्क संघ आहे, आणि मालावर १५ टक्क्यांपासून सुरू होणारा व्यवहार कर. पण जिब्राल्टर जगाला विकतं ते वित्तसेवा आणि ऑनलाइन जुगाराचा धंदा. सीमाशुल्क संघ मालाला लागतो, सेवांना नाही. तिथं निर्यातीपेक्षा रोज सरहद्द ओलांडणारे कामगार आणि दुकानातल्या किमती यांचाच प्रश्न मोठा.

तुझ्या सरांना वायनर या अर्थशास्त्रज्ञाचं १९५० चं व्यापारनिर्मिती आणि व्यापारवळण हे वर्गीकरण अपेक्षित असेल, ते लिहीच. स्वस्त उत्पादक कुसवाबाहेर राहिल्याने आतल्या महाग उत्पादकाचा माल खपतो, ते वळण. पोर्तो रिकोची साखर तिथं चपखल बसते. पण वायनरचा तराजू साऱ्या जगाचं भलं तोलतो. अंकित प्रदेशाच्या निर्यातदाराला हे वळण हवंच असतं, कारण त्याचं पोट त्यावरच भरतं.

आणि गोव्याचं उदाहरण घेतलंस तर १८७८ आणि १८८० यांत गल्लत करू नकोस. एक सहीचं साल आहे, दुसरं अंमल सुरू झाल्याचं.